चौदा बाटल्या आणि एक वाटी

हिरामण पारखे यांनी एकतीस वर्षं मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळला आणि बावीस वर्षं तिथल्या छोट्या चर्चमध्ये प्रभुभोजन सांभाळलं. पहिल्या कामाचा पगार मिळायचा, दुसऱ्याचा मान. जानेवारी २०२० मध्ये ते निवृत्त झाले. कारखान्याने शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, बॉयलर दुसऱ्याच्या हाती गेला आणि हिरामणकडे प्रभुभोजन तेवढं उरलं. तेही महिन्यातून एकदा.

प्रभुभोजन म्हणजे येशूने पकडलं जाण्यापूर्वी शिष्यांबरोबर जे शेवटचं जेवण घेतलं, त्याची आठवण. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळी पावाचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस एकत्र घेते. काही चर्चमध्ये त्यासाठी वाइन असते. मोहोपाड्याच्या मंडळीत दारूचं नाव काढलेलं चालत नाही, म्हणून तिथे काळ्या मनुकांचा रस. तो करण्याचा अधिकार हिरामणना कुणी दिला नव्हता. त्यांनी एकदा करायला घेतला आणि नंतर दुसऱ्या कुणाला पातेल्याला हात लावू दिला नाही.

पद्धत ठरलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी मनुका धुऊन भिजत घालायच्या. शनिवारी दुपारी त्याच पाण्यात उकळायच्या, रवीने घोटायच्या आणि मलमलीच्या फडक्यातून तीनदा गाळायच्या. पण उकळण्याआधी भिजवणीचं वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवायचं आणि रस निवला की ते कच्चं पाणी वरून ओतायचं. ही वाटी हिरामणची स्वतःची. "उकळलेला रस मेलेला असतो. वाटी घातली की त्यात जीव येतो," असं ते सांगत. पाव कापताना कारखान्यातली पोलादी पट्टी लागायची. तुकडा अर्ध्या इंचाचा, चौकोनी. उरलेला रस रविवारी दुपारीच चर्चच्या आवारातल्या चाफ्याच्या मुळाशी ओतायचा. ठेवायचा नाही, कुणाला घरीही न्यायला द्यायचा नाही. त्यामुळे बावीस वर्षांत हिरामणनी दोन दिवसांचा रस कधी बघितलाच नव्हता.

मार्चच्या अखेरीस चर्चला कुलूप लागलं. पाळक, रेव्हरंड नवीन थोरात, कर्जतला राहायचे. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ कॉलने रविवारची भक्ती, म्हणजे उपासना, सुरू केली. मंडळीची घरं चौदा, त्यातली सात मोहोपाड्यात आणि बाकीची चौक, खोपोली, कर्जत, पळसदरीला विखुरलेली. रविवारी दहा वाजता ती चौदा चौकोनांत दिसू लागली. पहिल्या आठवड्यात निम्म्या चौकोनांत छत आणि पंखे होते. मंडळीच्या चिटणीस सोनालीताई शाळेत शिकवायच्या. त्यांनी एकेकाला फोन करून मोबाइल पुस्तकांना टेकवून उभा करायला शिकवलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पाळकांनी जाहीर केलं की प्रभुभोजन घरोघर घ्यावं, आणि घरात जे असेल ते चालेल.

हिरामण पडद्याच्या अगदी जवळ जाऊन एकेक चौकोन तपासू लागले. खोपोलीच्या चिंधीबाईंकडे कोकम सरबत होतं. सोनालीताईंकडे केशरी रंगाचं पुडीचं सरबत. पळसदरीच्या एका घरात काळा चहा, तोही कार्टूनचं चित्र असलेल्या मगात. पावाऐवजी कुठे चपाती, कुठे टोस्ट. कर्जतच्या एका कुटुंबाने क्रीमची बिस्किटं घेतली होती आणि ती साधी दिसावीत म्हणून घरातल्या पोरीने आधी क्रीम चाटून काढलं होतं. हे तिने कॅमेऱ्यासमोरच केलं.

खरी बोच मात्र वेगळीच होती. ती भक्ती उत्तम झाली. लोकांचे डोळे पाणावले. पाळकांनी सर्वांचे आभार मानले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यात हिरामणचं नाव आलं नाही. दुपारी सोनालीताईंचा ग्रुपवर संदेश आला की किती सोपं झालं, कुणाला काही त्रास नाही, चर्च उघडल्यावरही असंच करता येईल. त्याखाली नऊ जणांनी अंगठा दाखवला.

हिरामणनी ते नऊ अंगठे पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले. कोणाकोणाचे, तेही सांगितलं. सुंदराबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमाला आराम मिळावा म्हनून म्हनली आसंल ती."

"आराम मला कारखान्यानं दिलाय," हिरामण म्हणाले. "आनखी नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळकांना फोन केला आणि मे महिन्याचा द्राक्षरस मी चौदा घरी पोचवतो, असं कळवलं. पाळक तिशीतले होते, मवाळ होते, आणि हिरामणना थोडे घाबरूनही होते. त्यांनी सांगून पाहिलं की काका, रस्ते बंद आहेत, धोका कशाला, देव घरात असेल ते स्वीकारतो.

"देव स्वीकारील, साहेब. तो मोठा हाय," हिरामण म्हणाले. "पन बिस्किटाचं क्रीम आपन चाटायचं आन उरलेलं त्याच्यापुढं ठेवायचं, ह्ये आपल्याला शोभतं का?"

पाळकांनी तो चौकोन पाहिला होता. त्यांनी होकार दिला.

वाहतुकीचा प्रश्न येसाजीने सोडवला. येसाजी पळसदरीचा शेतकरी. त्याच्या टेंपोच्या काचेवर अत्यावश्यक सेवेचा कागद होता आणि तो दर बुधवारी भाजी घेऊन आधी मोहोपाडा, मग चौक, खोपोली, कर्जत करून घरी परतायचा. बुधवारशिवाय तो येत नसे. म्हणजे तीन मेच्या रविवारचा रस एकोणतीस एप्रिलच्या सकाळी तयार हवा होता. हिरामणनी बोटांवर दिवस मोजले, चार भरले, आणि बाटली घट्ट बंद असली की झालं, असं ठरवलं.

घट्ट बंद करणं हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम. सुंदराबाईंनी कोकमाचं आगळ भरायला जमवलेल्या थंड पेयाच्या प्लॅस्टिकच्या पंधरा छोट्या बाटल्या त्यांनी ताब्यात घेतल्या. पहिली उकळत्या पाण्यात टाकली, ती आक्रसून चिंचेच्या बोटकासारखी झाली. म्हणून उरलेल्या चौदा नुसत्या कोमट पाण्याने विसळल्या. रस नेहमीसारखाच केला, फक्त तिप्पट. वाटीही तिप्पट घातली. मग अवजारांच्या पेटीतून टेफलॉनची पांढरी टेप काढली, जी पाइपच्या आट्यांवर वाफ निसटू नये म्हणून गुंडाळतात. प्रत्येक बाटलीच्या तोंडाला सात वेढे दिले, झाकण पकडीने पिळलं आणि बाटली उलटी करून हलवली. एक थेंब आला नाही.

सोबत प्रत्येक घराला दोन वस्तू दिल्या. एक, पुठ्ठ्याचा अर्ध्या इंचाचा चौकोन, चपातीवर ठेवून तुकडा कापायला. दुसरी, कारखान्याच्या जुन्या लॉगबुकाच्या पानावर लिहिलेली सूचनांची यादी. बाटली उभी ठेवावी. पाळकसाहेब सांगेपर्यंत उघडू नये. सर्वांनी एकाच वेळी उघडावी. आणि फ्रिजमध्ये ठेवू नये. ही शेवटची सूचना त्यांनी लाल शाईने लिहिली, कारण थंड खाल्लं-प्यायलं की कोरोना होतो असा संदेश त्या महिन्यात त्यांना अकरा जणांनी पाठवला होता. खाली सही, तारीख आणि वेळ.

बुधवारी सकाळी येसाजीने पेटी हातात घेऊन हलवून पाहिली.

"काका, ह्यात काय हाय?"

"द्राक्षरस. देवाचा."

"नाक्यावर पोलिसांनी इचारलं तर?"

"सांग की देवाचा हाय."

येसाजीला हे पटलं नाही. महिनाभरापासून दारूची दुकानं बंद होती आणि लोक सॅनिटायझरचा वास घेऊन दिवस काढत होते, असं तो म्हणाला. पुढे चौकच्या नाक्यावर हवालदाराने खरंच पेटी उघडायला लावली. तांबूस काळं पाणी, लेबल नाही, तोंडाला पांढरी टेप. त्याने एक बाटली नाकाला लावली. टेप हिरामणनी गुंडाळली होती, वास कसला येतोय. त्याने लॉगबुकाचं पान वाचलं, लाल शाईशी थांबला, आणि फ्रिजमध्ये ठेवू नये असं दारूवर कुणी लिहिणार नाही या निष्कर्षाला येऊन टेंपो सोडला. भेंडी आणि दुधी यांच्यामध्ये, ताडपत्रीखाली, एप्रिलच्या उन्हात दिवसभर फिरून बाटल्या संध्याकाळपर्यंत घरोघर पोचल्या. प्रत्येक घरातून हिरामणना आभाराचा फोन आला. सोनालीताईंनी ग्रुपवर लिहिलं की काकांशिवाय प्रभुभोजन नाही. हिरामणनी त्याला स्वतःच अंगठा दिला.

शुक्रवारी सकाळी चिंधीबाईंचा फोन आला. चिंधीबाई मंडळीतल्या सर्वांत वयस्क, शहात्तर वर्षांच्या, आणि हिरामणना एकेरी हाक मारणाऱ्या एकट्याच.

"हिरामण, तुझ्या बाटलीनं बाळसं धरलंय रं."

हिरामणनी शांतपणे समजावलं की उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो. मेचा पहिलाच दिवस, पारा अडतीसवर, बाटली थोडी फुगणारच. फोन ठेवून त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन आपली बाटली पाहिली. तिचा तळ बाहेर आला होता. ती उभी राहत नव्हती. ओट्यावरून गडगडत मिसळणाच्या डब्यापर्यंत जाऊन थांबली होती.

शनिवारी पाळकांनी फोन करून विचारलं, की उभी ठेवावी असं लिहिलंय, पण माझी आडवी होते, काय करू. हिरामणनी बाटली तांब्यात ठेवायला सांगितली. मग त्यांनी आपली बाटली अंगठ्याने दाबली. दगडासारखी होती. नखाने टिचकी मारून कानाशी धरली. एकतीस वर्षं भांड्याच्या आवाजावरून आतला दाब ओळखणाऱ्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. आत वायू धरला होता, म्हणजे रस आंबला होता, आणि तो वरून घातलेल्या कच्च्या वाटीनेच, हेही त्यांना कळलं.

सुंदराबाई दारात उभ्या होत्या. "सगळ्यांना सांगा, झाकान सैल करा म्हनावं. हवा जाऊ द्या."

हिरामणनी मोबाइल उचलला. ग्रुपवर तेवढं लिहिलं, तर सगळा रस बिघडलाय हे उघड होणार. उद्या पुन्हा पुडीचं सरबत, पुन्हा क्रीमची बिस्किटं, पुन्हा नऊ अंगठे, आणि चर्च उघडेल तेव्हा पोलादी पट्टी पेटीतच राहील. त्यांनी शेवटी एवढंच लिहिलं, 'उद्या बाटली उघडताना तोंड लांब ठेवावे. सावकाश.' याला चौदा अंगठे आले.

रविवारी दहा वाजता सगळे बसले. चिंधीबाई पांढऱ्या साडीत, मागे भिंतीवर त्यांच्या दिवंगत यजमानांचा हार घातलेला फोटो. सोनालीताईंनी नवा टेबलक्लॉथ अंथरला होता. पाळकांनी कर्जतच्या घरात पांढरा झगा घातला होता आणि त्यांच्यासमोर तांब्यात ती बाटली टुम्म बसली होती. हिरामणनी चौकोन मोजले. चौदा घरं, चौदा बाटल्या, आणि प्रत्येक ताटलीत अर्ध्या इंचाचे तुकडे. इतकं शिस्तीत प्रभुभोजन त्यांनी चर्चमध्येही पाहिलं नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं की निभावेल.

शास्त्रपाठ झाला, प्रार्थना झाली, तुकडे घेऊन झाले. मग पाळक म्हणाले, "आपण सर्वांनी एकत्र आपापली बाटली उघडू या."

सूचना तंतोतंत पाळली गेली. तेरा घरांत एकाच वेळी झाकणं फिरली.

मोबाइलवर ज्या घरातून आवाज येतो त्याचा चौकोन मोठा होतो. त्यामुळे पुढचे दहा-बारा सेकंद पडदा वेड्यासारखा या घरातून त्या घरात उड्या मारत राहिला. चौकला झाकण ट्यूबलाइटला लागून परत आलं आणि हार्मोनियमवर पडलं. एक सूर उमटला. सोनालीताईंची बाटली हातातून सुटली आणि नव्या टेबलक्लॉथवर भुईचक्रासारखी फिरली. चिंधीबाईंची धार सरळ वर, चालू पंख्यात गेली आणि पंख्याने ती फोटोसकट चारी भिंतींना सारखी वाटून दिली. बिस्किटवाल्या घरातली पोरगी तोंड उघडं ठेवून धारेखाली उभी राहिली. पळसदरीच्या कुटुंबाने बाटली अंगणात धरली होती, तर तिथे कोंबड्या पळाल्या. पाळकांचा झगा गळ्यापासून कमरेपर्यंत जांभळा झाला. त्यांनी डोळे मिटलेलेच होते. ते आणखी घट्ट मिटले.

मग तेरा घरांत फक्त ठिबकण्याचा आवाज.

चिंधीबाईंनी मनगटावरचा रस जिभेच्या टोकाला लावला आणि विचार केला. "पाळकसाहेब, ह्याला वास येतोय."

"कसला, आजी?"

"माझ्या सासऱ्याला यायचा तसला."

आधी पाळकांचे खांदे हलले. त्यांनी झग्याच्या बाहीने तोंड झाकलं, पण माइक सुरू होता आणि चौकोन मोठा होऊन सगळ्यांना दिसला. मग सोनालीताई हसल्या, मग चौक, मग कर्जत. मार्चपासून त्या चौकोनांत कुणी इतकं हसलं नव्हतं. फोटोवरचा रस पदराने पुसताना चिंधीबाईही हसत होत्या.

हिरामण हसले नाहीत. त्यांची बाटली अजून बंद होती. तिच्यावर हात ठेवून ते बसले होते.

पाळकांनी चष्मा पुसला आणि आवाज सावरला. त्यांनी सांगितलं की हा रस आता मंडळीला चालणार नाही, तेव्हा प्रत्येकाने घरात जे असेल ते आणावं, आपण थांबू. चौकोन रिकामे झाले, भांड्यांचे आवाज आले, माणसं परतली. कोकम, पुडीचं सरबत, काळा चहा, कार्टूनचा मग. सगळं एप्रिलसारखंच.

"काका, तुमच्याकडं काय आहे?" पाळकांनी विचारलं. सगळे त्यांच्यासाठी थांबले होते.

हिरामणनी बाटलीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "साहेब, मला काल कळलं होतं," ते म्हणाले. "टिचकी मारली तवाच. बोललो नाय. बोललो तर माझं काम जाईल, आसं वाटलं."

सुंदराबाईंनी बाजूने दोन पेले आणून समोर ठेवले. त्यांनी सकाळी आठ वाजताच कोकम सरबत करून ठेवलं होतं, नेहमीसारखं, जिरं आणि मीठ घालून. चौदा घरांनी एकत्र घोट घेतला. हिरामणच्या दातात जिरं अडकलं आणि शेवटच्या प्रार्थनेपर्यंत ते जिभेने ते काढत राहिले.

दुपारी हिरामण बंद बाटली घेऊन चर्चच्या आवारात गेले. कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच असायची. चाफ्याखाली उकिडवं बसून त्यांनी झाकण एक केसभर फिरवलं, थांबले, पुन्हा केसभर. फुस्स होत राहिलं. एवढा वेळ घेऊन कारखान्यातही त्यांनी कधी वाफ सोडली नव्हती. एक थेंब न उडवता रस त्यांनी मुळाशी ओतला आणि तिथेच बसून ग्रुपवर लिहायला घेतलं की मी या सेवेतून मुक्त होत आहे.

'मुक्त'पर्यंत आले तोच चिंधीबाईंचा फोन आला. हिरामणनी साडीबद्दल त्यांची माफी मागितली. चिंधीबाईंनी ती बाजूला सारली.

"साडी धुवून निघंल. ह्ये सांग, एकतीस वर्षं बॉयलरवर व्हतास ना रं तू?"

"व्हतो."

"मग व्हॉल्व्ह कुठं ठेवलास?"

चिंधीबाईंनी पुढचं ऐकवलं. कोकमाने तहान भागते, पण प्रभुभोजन झाल्यासारखं वाटत नाही. पाठवणं जमत नसेल तर कसं करायचं ते शिकव. चौदा घरांत चौदा शेगड्या आहेत. हे आपण पाळकांना आधीच कळवलंय आणि ते हो म्हणालेत, असंही त्यांनी सांगितलं. हिरामणनी लिहिलेलं पुसलं.

जूनचा पहिला रविवार वादळाने वीज नेल्यामुळे हुकला. जुलैच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मात्र चौदा चौकोनांत चौदा पातेली दिसली. हिरामण इस्त्रीच्या शर्टात, हातात पोलादी पट्टी घेऊन बसले होते. ते एकेका घराचं नाव घेऊन गॅस बारीक करायला सांगत, फेस आला की कुणाच्या पातेल्यात आला ते आधी त्यांनाच दिसे, आणि सोनालीताईंना त्यांनी फडकं एकेरी आहे म्हणून दोनदा परत गाळायला लावलं. ही सगळी बॉयलररूम त्यांच्या हाताखाली दीड तास चालली. लॉगबुकात त्यांनी प्रत्येक घराची उकळी येण्याची वेळ लिहून घेतली.

शेवटी ते म्हणाले की भिजवणीचं जे वाटीभर पाणी बाजूला काढलं असेल, ते आता ओतून टाका, रसात घालायचं नाही. ती पद्धत बंद.

तेरा घरांत मोरीकडे जाण्याची हालचाल झाली. खोपोलीच्या चौकोनात कुणी हललं नाही. चिंधीबाईंच्या ओट्यावर वाटी तशीच होती, आणि तिच्या शेजारी थंड पेयाची एक रिकामी बाटली, झाकणासकट.

"आजी, ती वाटी," हिरामण म्हणाले.

"कुठली रं?" चिंधीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मोबाइल छताकडे वळवला.